युटोपिया

१५१६ साली टॉमस मोर यांनी एका काल्पनिक बेटासाठी हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘ऊ’ म्हणजे नाही, ‘टोपोस’ म्हणजे जागा. त्या बेटावर प्रत्येक घरामागे बाग, दाराला कुलूप नाही, दर १० वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल! विज्ञानकथांतली आदर्श नगरे याच कुळातली. ती वाचली की आपल्या शहराची उणीव बोचू लागते. सोलापुरातल्या विडी कामगार बायकांनी ती आयुष्यभर सोसली: मांडीवर सूप, त्यात पाने-तंबाखू, भोवती खोलीभर संसार. लढून त्यांनी कुंभारीला १०,००० घरे मिळवली, २००६ साली. शेजारच्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४मध्ये आणखी १५,००० घरांचा ताबा असंघटित कामगारांना मिळाला.