तारेतले पत्र कुणाचे?

वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही मोर्सची तार १८४४ साली सुरू झाली ती अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या तीस हजार डॉलरांवर. पुढे काही काळ ती पोस्ट खात्याने चालवलीही. मग खासगी हातांत गेली. ई-मेलच्या नियमनाचा इतिहास चाळताना मला वारंवार या हस्तांतराशी यावे लागते. पत्र आणि तार यांची फारकत तिथे झाली. आपल्याकडे मात्र दोघे १९८५ पर्यंत एकाच खात्यात नांदले.

१९७८ मध्ये अमेरिकी टपालसेवेने ‘ई-कॉम’ची योजना मांडली. कंपन्यांनी बिले, जाहिरातपत्रे संगणकातून पाठवायची. टपाल कार्यालयाने ती छापून, घडी घालून, पाकिटात भरून पोस्टमनकरवी दोन दिवसांत पोचवायची. निम्मी तार, निम्मे टपाल! साहजिकच हक्कदार दोन निघाले. टपालाचे दर तपासणारा आयोग एकीकडे, तार-दूरध्वनी पाहणारा संघीय दळणवळण आयोग दुसरीकडे. न्याय खात्याची धास्ती निराळी होती. पत्रवहनाची मक्तेदारी असलेली संस्था साध्या पत्रांच्या पैशांतून इथला तोटा भरून काढील आणि खासगी स्पर्धकांना बुडवील. मला ही धास्ती अनाठायी वाटत नाही. पण तिच्यापायी योजनेचे पंख छाटले गेले, हेही खरे.

शेवटी तडजोड झाली: संदेश तारेवरून आणायचा खासगी कंपन्यांनी, छपाई-वाटप टपालाचे. ४ जानेवारी १९८२ रोजी २५ टपाल कार्यालयांतून सेवा सुरू झाली. पहिल्या पानाला २६ सेंट, दुसऱ्याला ५. पत्र फार तर दोन पानी आणि एका खेपेस किमान २०० पत्रे. ही शेवटची अट सर्वांत बोलकी. आजीला खुशाली कळवणारा नातू तिच्यात बसतच नव्हता. सेवा घाऊक गिऱ्हाइकांचीच राहिली. दर वाढवावा तर गिऱ्हाईक जाणार, न वाढवावा तर खोट. सप्टेंबर १९८५ मध्ये ती बंद पडली.

गंमत अशी, की ‘अर्पानेट’वर १९७१ पासूनच संगणकांमधून निरोप जात होते. त्यांना ना पाकीट, ना पोस्टमन. टपालाच्या दरपत्रकात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

भारतात १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रवहनाचा अनन्य अधिकार सरकारला दिला होता. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती तरतूद उरलेली नाही. तिकिटे काढण्याचा अनन्य हक्क तेवढा खात्याने राखला आहे.