बिळांतील सोयरीक

टेंभुर्णीच्या शिवारांत ज्वारीच्या बांधावरचीं उंदरांचीं बिळें पाहून, या अंधाऱ्या वाड्यांत सोयरीक कशी जुळत असेल, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण झाला. त्याच सालीं जेनिफर जार्व्हिस या विदुषीनें पूर्व आफ्रिकेंतील बिळवासी ‘नेकेड मोल-रॅट’चा संसार जगापुढें मांडला. मधमाश्यांप्रमाणें एकच राणी, तिचे एकदोन नर, बाकीचीं भावंडें राबणारीं! १९९० च्या जनुकपरीक्षेनंतर, भावाबहिणींचा संग हाच तेथील रिवाज असून त्याचा दोष या प्राण्यास बाधत नाहीं, असें मत रूढ झालें.

तें टिकलें नाहीं. १९९६ सालीं, घर सोडून परक्या वसाहतीकडे वळणारे धष्टपुष्ट उंदीर त्यांच्यांतच आढळले. पुढें पाळलेल्या वसाहतींत विषाणूची साथ शिरली, तेव्हां निकट संबंधांतून जन्मलेलेच अधिक दगावले, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. सुखाच्या दिवसांत निजलेला दोष संकटांत जागा झाला.

आमच्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध, पण मामाची मुलगी अनेक जातींत चालते. गोत्र बापाकडून मोजतात. रक्ताचा वारसा मात्र आईकडूनही येतो. अशी प्रत्येक संतति रोगट निपजते असें नव्हे; परंतु आनुवंशिक व्याधींचा धोका वाढतो, हें निश्चित. बहिणीचें घर ओळखीचें म्हणून तेथें लेक देणाऱ्या बापाची माया आम्हांस कळते. त्याच मायेनें त्यानें हाही हिशेब करावा, इतकेंच आमचें म्हणणें.