उन्नत भारत अभियान : कॉलेजचे सर गावात सर्व्हेला आले तर काय सांगायचं?

वरूड : प्राध्यापकांनी फक्त वर्गात शिकवायचं नाही, तर गावाच्या कारभारालाही हातभार लावायचा, यासाठी केंद्राचं 'उन्नत भारत अभियान' आहे. ११ नोव्हेंबर २०१४ ला ते सुरू झालं, २०१८ मध्ये दुसरा टप्पा आला. देशपातळीवर समन्वय दिल्लीची आयआयटी करते.

काम कसं चालते?
सहभागी कॉलेज साधारण पाच गावं दत्तक घेते. एक प्राध्यापक समन्वयक असतो. विद्यार्थी गावाचा आणि घरोघरचा सर्व्हे करतात. त्यातून गावाच्या अडचणी पुढं येतात आणि त्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मांडता येतात.

गावकऱ्यांनी काय करावं?
- खरी माहिती द्या. वरूड तालुक्यात संत्र्यासाठी भूजलाचा उपसा मोठा आहे. बोअर आटली असताना 'सगळं बरं आहे' म्हटलं, तर पाण्याचा प्रश्न कागदावर येणारच नाही.
- हा सर्व्हे म्हणजे योजनेचा फॉर्म नव्हे. ओटीपी कोणालाच देऊ नका.
- सर्व्हेत काय निघालं, ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

ग्रामसभा महत्त्वाची
वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरमसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. सर फक्त माहिती गोळा करून देतील. ठराव गावालाच घ्यावा लागेल.

आपलं गाव दत्तक आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या कॉलेजात विचारा.