मागच्या आसनाचा पट्टा आणि मुंबईचा पत्रा

मोटारीतील सुरक्षापट्ट्याचा इतिहास बहुधा कायद्याच्या आणि दंडाच्या अंगाने सांगितला जातो. परंतु लालबाग आणि लोअर परळ यांच्या सांध्यावरील करी रोडसारख्या भागात, जेथे काळ्या-पिवळ्या टॅक्स्या आणि शाळेच्या व्हॅन वर्षानुवर्षे दुरुस्त करकरून चालवल्या गेल्या, तेथे हा इतिहास पत्र्यापासून सुरू करावा लागतो, कारण पट्टा जेथे बोल्टने आवळायचा ती जागा गाडीच्या सांगाड्यात मुळात ठेवलेली होती की नव्हती, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 60 किलो वजनाच्या प्रवाशाला आवरून धरण्यासाठी सरासरी 850 किलो वजनाइतकी ताकद लागते, आणि ती सगळी पट्ट्यातून दोन-तीन बोल्टांवर येते. मोटारीच्या तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असल्याने त्याला नुसते भोक पाडून बोल्ट घातला, तर तो वॉशरसकट उपटून निघतो. म्हणून पत्र्यामागे जाड पोलादी पट्टी देऊन, किंवा सांगाड्याच्या मजबूत भागाला ब्रॅकेट, म्हणजे पोलादाचा आधार, जोडून भार पसरवावा लागतो. युरोपीय मानकानुसार तीन बिंदूंच्या पट्ट्याच्या खांद्याच्या व कमरेच्या भागांवर एकाच वेळी प्रत्येकी 13,500 न्यूटन, म्हणजे सुमारे 1,375 किलो वजनाइतकी ओढ देऊन ही जागा तपासली जाते. जुन्या गाडीचा तळ पावसाळ्यांनी गंजलेला असेल, तर असे जोडकाम धोक्याचे ठरते, कारण वेल्डिंग वरून पक्के दिसले तरी त्याखालचा पत्रा पोकळ झालेला असू शकतो.

मुंबईच्या टॅक्सीचा दीर्घकाळचा चेहरा म्हणजे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. तिची बांधणी मूळ इटालियन फियाट 1100 ची, म्हणजे निल्स बोलिन यांनी व्होल्व्होसाठी तीन बिंदूंचा पट्टा 1959 मध्ये आणला त्याच्याही आधीच्या काळातील विचारांची होती. मागे तीन प्रवाशांसाठी एकसंध बाकडे होते आणि त्यामागे डिकी, जिच्यात पुढे सीएनजीची टाकी आली आणि आसनामागची उरलीसुरली जागाही गेली.

व्हॅनची कथा थोडी वेगळी आहे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून 1958 मध्ये गोरेगावात सुरू झालेल्या आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला गेलेल्या बजाज टेम्पोने 1969 पासून मॅटाडोर बनवली, आणि ती रुग्णवाहिका, मालवाहू गाडी व प्रवासी गाडी अशा सर्व रूपांत महाराष्ट्रभर धावली. या नावाच्या पहिल्या जर्मन गाडीला फोक्सवॅगनचे इंजिन होते, त्यामुळे ब्रिटनमधील हौशी मंडळी ज्या फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅनना आज मागचे पट्टे बसवतात, त्यांच्याशी तिचे दूरचे नाते आहे; अडचण मात्र अगदी सारखी आहे. अशा व्हॅनमध्ये मागची बाके पुष्कळदा भिंतींना लागून, आडवी असतात, आणि आडव्या बसलेल्या माणसाला पट्टा लावला तर धक्क्याच्या वेळी त्याचे धड कमरेपाशी बाजूला मुरगळते. म्हणूनच भारतीय नियमातही मागच्या पट्ट्याचे बंधन पुढे तोंड असलेल्या आसनांपुरतेच आहे.

हा नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत टप्प्याटप्प्याने आला. मार्च 1994 नंतर बनलेल्या मोटारींना पुढच्या आसनांचे पट्टे सक्तीचे झाले, मागच्यांचे बंधन 2002 मध्ये आले. ब्रिटनने नव्या मोटारींना मागचे पट्टे बसवणे 1987 मध्ये बंधनकारक केले आणि प्रौढांनी ते लावण्याची सक्ती 1991 मध्ये, तीही पट्टा बसवलेला असेल तेथेच. हा क्रम शहाणपणाचा होता. पद्मिनीचे उत्पादन मात्र नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, त्यामुळे मागच्या पट्ट्याचा नियम तिच्या कारखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि तरीही तिच्या टॅक्स्या पुढे वीस वर्षांपर्यंत रस्त्यावर राहिल्या.

सप्टेंबर 2022 च्या 4 तारखेला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलीस तपासातून पुढे आले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला आणि ज्या गाड्यांत पट्टे नाहीत त्यांत ते तोवर बसवून घेण्यास सांगितले. पट्ट्याची सक्ती सर्वथा योग्य होती, परंतु दोन-तीन आठवड्यांत जुन्या टॅक्सीला सुरक्षित पट्टा बसवणे हे गॅरेजमधल्या वेल्डरच्या आवाक्यातले काम नव्हते, कारण त्याच्याजवळ पत्रा जोडण्याचे कसब असले तरी तो जोड ओढून तपासण्याचे साधन नसते. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस सेवेतून गेली, तेव्हा तिच्यापुरता हा प्रश्न मिटला.

तिच्या जागी आलेल्या छोट्या मोटारींत मागच्या पट्ट्यांच्या जागा कारखान्यातूनच तयार होऊन येतात. तरीही पुष्कळ टॅक्स्यांत आसनांवर चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हरखाली पट्ट्यांची कुलुपे दडपलेली असतात, आणि ती बाहेर काढण्यासाठी कव्हरला चार ठिकाणी चीर देण्यापलीकडे काही करावे लागत नाही.