बारा टन, शंभर घोडे

परवा दिवाळीत देगलूरला घरी गेलो होतो. माळा साफ करताना काकांच्या जुन्या ट्रकचा फोटो सापडला. टाटा 1210, सेकंडहँड घेतलेली. लहानपणी मला तो आकडा म्हणजे गाडीचा रोल नंबर वाटायचा! आता रोज सॉफ्टवेअरचे व्हर्जन नंबर बघून पोट भरतो म्हणून असेल, पण या वेळी तो नीट वाचावासा वाटला.

तर मंडळी, हा आकडा मूळचा जर्मन वळणाचा. टेल्कोनं 1954 साली डेमलर-बेंझशी करार केला, आणि जमशेदपूरच्या ट्रकांवर मर्सिडीजचा तारा आला. 1969 ला करार संपला, तारा गेला, पण नाव ठेवायची पद्धत राहिली. 12 म्हणजे मालासकट एकूण वजन बारा टन. 10 ला दहानं गुणा, साधारण शंभर अश्वशक्ती. इंजिनाचंही तसंच. 692 म्हणजे सहा सिलिंडर, बोअर 92 मिलिमीटर. 697 म्हणजे सहा सिलिंडर, बोअर 97. 1986 साली आलेल्या 407 मध्ये 497, म्हणजे बोअर तेच पण सिलिंडर चारच. 697 चा स्ट्रोक 128 मिलिमीटर धरून गणित करा, 5675 सीसी बरोब्बर येतं. मी केलं :)

म्हणजे अख्खं स्पेसिफिकेशन नावातच. डॉक्युमेंटेशन असावं तर असं!

आता दुसरं गणित. रिकामी गाडी बॉडीसकट चार टनांच्या आसपास. उरले आठ टन, म्हणजे क्विंटलची ऐंशी पोती. देगलूरला आजही रेल्वे नाही, तूर-उडीद जे काय जायचं ते ट्रकनंच, हैदराबादला नाहीतर नांदेडला. काका एकशेवीस पोती भरायचे. मी विचारलं तर म्हणाले, "ऐंशी पोत्यावर हप्ता निघत नव्हता रे. समदेच भरायचे." खोटं नाही ते. भाडं पोत्यावर मिळायचं, आणि जो कमी भरेल त्याला व्यापारी पुढच्या खेपेला बोलवत नसे.

पण एकशेवीस पोती म्हणजे गाडी सोळा टनांची झाली. इंजिन ओढतं हो, हळू ओढतं एवढंच. ब्रेकचे ड्रम मात्र बारा टनांचेच, पाटेही बारा टनांचेच. आणि रस्ता? अमेरिकेत इलिनॉयला 1958 ते 1960 मध्ये रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचं नुकसान अॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. वजन बाराचं सोळा, नुकसान तिपटीहून जास्त. नरसी ते देगलूर रस्त्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्यात आमच्या घरचाही वाटा होता म्हणायचा.

2003 साली नरसीच्या पुढं रात्री मेन पाटा तुटला. गाडी कलली आणि क्लीनर पोत्यांखाली सापडला. पाय राहिला, पण गुडघा वाकत नाही. काकांनी वर्षाच्या आत गाडी विकली.

नोव्हेंबर 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं, पैसे घेऊन जादा वजनाला परवानगी देणाऱ्या राज्यांना ते बंद करायला लावलं. पुढं 2018 साली केंद्रानं दोन अॅक्सलच्या ट्रकची मर्यादाच 16.2 वरून 18.5 टनांवर नेली. गाड्या मजबूत झाल्यात हे खरं, पण कायद्यानं आकडा वाढला म्हणून जुन्या गाडीचे पाटे जाड होत नाहीत. असो.

फोटोत बंपरवर एक पोरगा उभा आहे, बॉनेटवर हात ठेवून. तोच क्लीनर. आता बसस्टँडजवळ पानटपरी चालवतात, आम्ही मामा म्हणतो. फोटो दाखवायला गेलो. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "त्या रात्री पोती किती होती, काकाला इचार की एकदा."

अजून विचारलं नाही.