लोक जेवतात कधी?

मराठी माणसाचा संसार दोन कागदांवर चालतो. एक पंचांग आणि दुसरे वेळापत्रक. पंचांगात काय लिहिले आहे ते कोणालाच कळत नाही, म्हणून त्यावर सगळ्यांचा विश्वास. वेळापत्रक सगळ्यांना कळते, म्हणून त्यावर कोणाचाच नाही. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त आणि सभेची वेळ या दोन्ही गोष्टी आपण 'साधारण' या शब्दाची जोड देऊनच वाचतो. पण एके काळी आमच्या नगरात एक वेळापत्रक असे होते की लोक त्यावर घड्याळ लावत. (नगर म्हणजे हल्लीचे अहिल्यानगर. जुन्या गोष्टी सांगू लागलो की जुनेच नाव तोंडात येते, त्याला इलाज नाही.) ते वेळापत्रक मुंबईत वरळीला बसून कोणीतरी आखीत असे, आणि त्याप्रमाणे शंभर कोसांवर आमच्या घरातली कुकरची शिट्टी होत असे.

आपल्याकडे टेलिव्हिजन आला तो दिल्लीला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. त्या सुरुवातीच्या दिवसांत आपले पु. ल. देशपांडे तिथे कामाला होते, तेवढाच काय तो महाराष्ट्राचा त्यात वाटा. मुंबईला केंद्र निघायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. त्याच वर्षी श्रीनगर आणि अमृतसर झाले. १९७५ साली कलकत्ता, मद्रास आणि लखनौ. प्रत्येक केंद्राचा संसार वेगळा, चूल वेगळी. मद्रासला काय शिजते याचा वास मुंबईला नाही आणि मुंबईचा दिल्लीला नाही.

आता कोणी म्हणेल, वा! किती ही स्वायत्तता! कसली आली आहे? दूरदर्शन १ एप्रिल १९७६ पर्यंत आकाशवाणीचेच अंग होते आणि त्यानंतरही सरकारचेच राहिले. स्वातंत्र्य कोणी दिले नव्हते. तार नव्हती म्हणून ते मिळाले होते. दिल्लीचे चित्र रोजच्या रोज मुंबईला आणून दाखवायची सोय नव्हती. दिल्लीचा एखादा कार्यक्रम हवाच असेल तर तो डब्यात घालून, गाडीत नाहीतर विमानात बसवून आणायचा. मग रोजची संध्याकाळ मुंबईने मुंबईच्या अकलेनेच भरली पाहिजे. नवरा परगावी नोकरीला असलेल्या बाईने घर चालवावे, तशी ही केंद्रे चालत. परवानगी विचारायची तर पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस, आणि भाजी तर आजच आणायची!

भाजी आणायचा शास्त्रोक्त मार्ग असा. केंद्रात एक ठरीव तक्ता असे. त्याला 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' असे भारदस्त नाव होते. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या जातीचा कार्यक्रम, एवढेच त्यात लिहिलेले. शेतकऱ्यांचा, कामगारांचा, मुलांचा, बायकांचा, नाटकाचा, गाण्याचा. म्हणजे घरात सोमवारी उसळ, गुरुवारी उपास, रविवारी गोडधोड ठरलेले असते तसे. उसळ मटकीची की मुगाची, हे त्या त्या निर्मात्याने पाहायचे. या तक्त्यात विनायक चासकरांचा 'गजरा' होता, सुहासिनी मुळगावकरांचा 'प्रतिभा आणि प्रतिमा' होता, आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' होता, 'किलबिल' होते, 'आमची माती आमची माणसं' होते, 'कामगार विश्व' होते. शनिवारी मराठी बोलपट, रविवारी हिंदी. आणि येत्या आठवड्यात काय काय वाढून ठेवले आहे ते सांगायला 'साप्ताहिकी'. ज्या कार्यक्रमात केवळ पुढच्या कार्यक्रमांची यादी वाचून दाखवतात तो कार्यक्रम लोक आवडीने बघत, यावरून भुकेची कल्पना यावी.

सिंहगड आमच्यापासून सरळ रेषेत सव्वाशेहून जास्त किलोमीटर. टेलिव्हिजनच्या लहरी सरळ चालतात, डोंगर आडवा आला की थबकतात. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्यांची पंचाईतच. राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. अकोल्याकडे राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, आणि दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीचे उघडे माळ. अकोल्याच्या माणसाला डोंगर आडवा येई आणि जामखेडच्या माणसाला अंतर. नगर शहर मधे. आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी पहिला संच आणला, टपाल कचेरीत लायसन काढले आणि गच्चीवर गुढीसारखा उंच खांब उभारून त्याला अँटेना बांधली. खांबापाशी त्यांचा भाचा, जिन्यात मी, संचापाशी वकीलसाहेब.

"आलं का?" वरून प्रश्न.

"आलं, आलं... गेलं!" खालून उत्तर.

जे येई त्यावर मुंग्या असत. मुंग्यांच्या पलीकडे भक्ती बर्वे बातम्या सांगत आहेत की स्मिता पाटील, हे आम्ही आवाजावरून ओळखत असू. तरी खोलीत चाळीस माणसे असत आणि चप्पल बाहेर ज्याची त्याने ओळखून घालायची असे.

ते वेळापत्रक मुंबईचे होते, आमचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 'कामगार विश्व' गिरण्यांच्या मुंबईसाठी. आमच्या गल्लीत गिरणी होती ती पिठाची. मुंबईत गुजराती मंडळी पुष्कळ, म्हणून 'सांताकुकडी' आणि 'आवो मारी साथे' हे गुजराती कार्यक्रम. संच एकदा लावला की बंद करायचा नाही, असा आमच्या आजीचा नियम (वीज जळते ती जळतेच, मग बघून घ्यावे). परिणामी तिला बरेच गुजराती येऊ लागले. कापड बाजारातल्या एका गुजराती दुकानदाराला तिने एकदा "केम छो?" विचारले, तर तो म्हणाला, "आजी, मी चार पिढ्या नगरचा. मराठीत बोला."

'आमची माती आमची माणसं' लागे त्या सुमारास खेड्यातला शेतकरी धारा काढत असे. तो कार्यक्रम मन लावून पाहत ते आमचे नाना. कोर्टात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि जमीन म्हणाल तर तुळशीवृंदावनापुरती. पण रब्बी ज्वारीला खत किती, उसाला पाणी कधी, सगळे तोंडपाठ. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाशीही त्यांनी वाद घातला असता. आमच्याकडे केडगावहून दूध घालायला येणारा गडी हे सगळे ऐकून घेई आणि म्हणे, "नाना, तुमचं बरोबर हाये. पण त्यांना म्हणावं, हे जरा आठ वाजता सांगा. तवा आमी मोकळे असतो."

तर हा 'आठ वाजता सांगा' म्हणणारा माणूस माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा. वेळापत्रक म्हणजे शेवटी एकाच प्रश्नाचे उत्तर: लोक जेवतात कधी? धारा कधी काढतात, देवापुढे दिवा कधी लावतात, पोरे अभ्यासाला कधी बसतात? मुंबईवाल्यांना याचे उत्तर अर्धेमुर्धेच येत होते. पण ते पत्रे मागवीत, 'ज्ञानदीप'ची तर गावोगाव प्रेक्षकांची मंडळे निघाली होती. निदान विचारणारा माणूस आपल्या भाषेत विचारत होता आणि पोस्टकार्डाच्या टप्प्यात होता.

मग १९८२ साल आले. १५ ऑगस्टला दिल्लीहून उपग्रहामार्गे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आले, आणि नोव्हेंबरात आशियाई खेळ. त्यासाठी सोडलेला इन्सॅट-१ए सप्टेंबरातच निकामी झाला, पण १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला आणि तो टिकला. आमच्या शहराला दिल्ली दरवाजा निजामशाहीपासून आहे. दिल्ली घरात शिरली ती मात्र आता. रात्रीच्या मोक्याच्या वेळेवर दिल्लीने रुमाल टाकला. एस.टी.त खिडकीतून टाकतात तसा. मग मुंबईच्या तक्त्यातल्या मंडळींनी सरकून घेतले. हिंदी बातम्या ८ वाजून ४० मिनिटांनी लागू लागल्या. हे ८:४० कोणी काढले कोण जाणे! ही वेळ ना साडेआठ ना पावणेनऊ. आमच्याकडे नेमकी भाकरी तव्यावर असायची. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली आणि पाने साडेसातलाच वाढली जाऊ लागली. ज्या घरात आजोबांच्या धाकाने जेवणाची वेळ बदलली नव्हती, तिथे ती अशोककुमारने बदलली.

त्याच १९८४ साली देशभर छोट्या सहक्षेपण केंद्रांचा सपाटा सुरू झाला. काही महिने तर रोज सरासरी एक मनोरा उभा राहत होता. त्या लाटेत आमच्या वाट्यालाही एक आला. पेढे वाटले. अँटेनाचा खांब उतरवायची भाषा सुरू झाली. आणि मग लक्षात आली ती गंमत. या छोट्या मनोऱ्यांना कार्यक्रम मिळे तो उपग्रहाकडून, आणि उपग्रहाकडे तो जाई दिल्लीहून. मुंबईचा कार्यक्रम त्यांना मिळायची व्यवस्थाच नव्हती! म्हणजे नगरात उभा राहिलेला मनोरा नगरकरांना काय दाखवणार, तर दिल्ली. 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम १९६७ साली दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी सुरू झालेला. आता नाना त्यातून गहू आणि मोहरी शिकू लागले. दूधवाल्याने तर सल्ला ऐकणेच सोडले.

आता घरात दोन पर्याय. गावातल्या मनोऱ्यावरून आरशासारखी स्वच्छ दिल्ली, नाहीतर सिंहगडावरून मुंग्यांनी भरलेली मुंबई. धाकटी मंडळी स्वच्छ चित्राच्या बाजूची. आजीने मुंग्या निवडल्या. "मला मेलीला दिसतंय कुठं नीट एरवी तरी," ती म्हणाली, "ऐकू तर आपलं येतंय!" खांब उतरवायचा राहिला. गल्लीत असे चार-पाच खांब तसेच उभे राहिले, आणि त्या प्रत्येकाच्या खाली एखादी आजी होती.

दिल्लीचे सगळे वाईट होते असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. आमच्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच लिहिले. त्यावरून श्याम बेनेगलांनी केलेली 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका १९८८ साली सुरू झाली. नगरात लिहिलेली गोष्ट दिल्लीहून फिरून नगरात आली, आणि आम्ही ती डोळे भरून पाहिली. असले काम एकट्या केंद्राच्या आवाक्यातले नव्हे. ज्ञानेश्वरी नेवाशाची, पण पोहोचली सगळीकडे, हेही खरेच. तक्रार दिल्ली बोलते याची नव्हती. तिच्या बोलण्याच्या वेळी बाकीच्यांनी गप्प बसायचे, याची होती. पी. सी. जोशी समितीनेही त्याच सुमारास दूरदर्शन दिल्लीकेंद्री होत चालल्याचे बजावले होते. समित्यांचे अहवाल कपाटात जातात, हाही गेला.

हे दुखणे आपल्यापुरतेच होते असेही नाही. इंग्लंडात १९५५ पासून आयटीव्ही नावाची खासगी वाहिनी होती, पण ती प्रत्येक भागात वेगळ्या कंपनीची. मँचेस्टरकडे ग्रॅनडा, तर दुसरीकडे दुसरी. निवेदक आपले, वेळा आपल्या. १९६० साली ग्रॅनडाने 'कॉरोनेशन स्ट्रीट' सुरू केली तेव्हा सगळ्या भागांनी ती घेतलीही नाही. तिथे मुंग्यांऐवजी हिशेब शिरला. एकेक कंपनी दुसरीच्या पोटात गेली आणि २००४ साली ग्रॅनडा आणि कार्लटन एक झाल्यावर जवळजवळ सगळ्या इंग्लंडाचा तक्ता एकाच टेबलावर आला. तिथे व्यापाऱ्याने जे केले ते इथे सरकारने केले.

आमच्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे कार्यक्रमही उपग्रहाने राज्यातल्या मनोऱ्यांना मिळू लागले आणि आजीच्या मुंग्या गेल्या. १९९४ साली मराठीसाठी वेगळी वाहिनी झाली, २००० साली तिचे नाव 'सह्याद्री' पडले. त्याच सुमारास झी, अल्फा आणि ईटीव्ही यांनी अंगण भरून टाकले. मराठी कमी पडेल ही भीती संपली. आता मराठी चोवीस तास ऐकू येते. फक्त ती नगरच्या दूधवाल्याला उद्देशून नसते.

हल्ली तर प्रत्येकाच्या खिशात केंद्र आहे. सून रात्री अकराला मालिका बघते, नातू पहाटे दोनला, मी दुपारी. कोणाचे कोणाशी वेळापत्रक जुळत नाही आणि भांडणही होत नाही. प्रत्येकाला वाटते, वेळ मी ठरवली. पुढे काय दाखवायचे ते मात्र कोणी भलताच ठरवत असतो. त्याला मी किती वाजता झोपतो हे मिनिटासकट ठाऊक आहे. आणि झोपू नये म्हणून काय करावे, हेही.

वरळीच्या माणसाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला आमच्या जेवणाची वेळ अंदाजानेच धरावी लागे, आणि ती बरेचदा चुकत असे. पण चुकली तर 'आठ वाजता सांगा' असे त्याला पंधरा पैशांच्या कार्डावर कळवता येत होते, आणि ते कार्ड वाचणारा कोणीतरी जेवायला घरी जाणारा मराठी माणूसच होता.