येवल्याची अंबा, पडद्यावरची मंथरा

ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यात झाला. माहेरचे नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. येवले हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव, त्यामुळे घरात व्यापाऱ्याची सुबत्ता होती. नाटक किंवा गायनाची परंपरा मात्र त्या घराला नव्हती. गाव नाशिक जिल्ह्यात, मनमाडच्या दक्षिणेला. मनमाडहून गाडी पूर्वेकडे निघाली की नांदगाव मागे पडते आणि चाळीसगावपासून खानदेश सुरू होतो. येवल्याची ही मुलगी पुढे जळगाव-धुळ्याच्या घरोघरी ओळखीची झाली, ती याच लोहमार्गाने गेलेल्या रिळांच्या पेट्यांमुळे.

चित्रपटात तिचा प्रवेश पुण्यात झाला. वडिलांबरोबर पुण्याला गेली असता तिने चित्रीकरण पाहिले आणि नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत तिला बालभूमिका मिळाल्या. १९२८ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा तिच्या आरंभीच्या मूकपटांपैकी एक. तेव्हा वय बारा. त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या मुलींना सिनेमाचे दार बंदच असे. फाळक्यांना १९१३ मध्ये त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’त तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष शोधावा लागला होता, त्याला जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. हे ध्यानात घेतले की व्यापारी बापाने दिलेल्या परवानगीचे मोल कळते.

मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत ती नायिका झाली आणि ललिता हे नाव तिने धारण केले. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर पवार हे आडनाव आले. तो विवाह टिकला नाही, निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी दुसरा विवाह झाला, तरी पडद्यावरचे नाव शेवटपर्यंत तेच राहिले. १९३२ मध्ये ‘कैलास’ या मूकपटात तिने काम केले आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. बोलपट आल्यावर ‘हिम्मत-ए-मर्दां’ (१९३५) मध्ये तिने स्वतः गाणीही गायली. १९३८ च्या सुमारास ‘दुनिया क्या है’ काढला, त्याची कथा टॉल्स्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवरून घेतलेली होती. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, वि. स. खांडेकरांनी लिहिलेला ‘अमृत’, शिवाय ‘गोरा कुंभार’ अशा चित्रपटांतून मराठी प्रेक्षकांनी तिला तरुण, देखण्या रूपात पाहिले. आज त्या काळातले फारसे काही पाहायला मिळत नाही. म्हातारी ललिता पवारच सगळ्यांच्या स्मरणात उरली त्याला हेही एक कारण आहे.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात मास्टर भगवान यांना तिला थोबाडीत मारायची होती. फटका जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उपचार दीर्घकाळ चालले, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका म्हणून असलेली कारकीर्द सव्विसाव्या वर्षी संपली. पुढे खलभूमिकांत हाच अर्धमिटला डोळा कामी आला, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचे सारे श्रेय त्या डोळ्यालाच देण्याची सवय लागली. ते बरोबर नाही. अपघाताने तिच्याकडून नायिकेचे काम काढून घेतले, दुसरे काम तिला मिळवावे लागले.

ते कसे मिळवले याचा पहिला मोठा पुरावा म्हणजे प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४). त्यात ती आनंदीबाई झाली. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते, तिच्याविषयी राग आधीच तयार असतो. अशा भूमिकेत नटीला प्रेक्षकाच्या मनातल्या प्रतिमेइतके तरी मोठे व्हावे लागते. गजानन जागीरदारांच्या करारी रामशास्त्र्यांसमोर ती उणी पडली नाही. यानंतर ‘गृहस्थी’ (१९४८) आणि शांतारामांचा ‘दहेज’ (१९५०) आला. ‘दहेज’मध्ये हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू तिने उभी केली, आणि तिथून खाष्ट सासू आणि ललिता पवार ही जोडी लोकांच्या मनात पक्की झाली.

ही जोडी गावोगाव पोचली कशी, हे पाहण्यासाठी भुसावळला जावे लागते. हिंदी चित्रपटाच्या धंद्यात देशाचे वितरणासाठी विभाग पाडलेले असत. त्यांतल्या सेंट्रल सर्किटचे भुसावळ हे एक प्रमुख केंद्र होते. मुंबईहून येणारा मार्ग इथे फुटतो, एक नागपूरकडे आणि एक इटारसीकडे, शिवाय तापी खोऱ्यातून सुरतेचा रस्ता जळगावला येऊन मिळतो. त्यामुळे वितरकांनी इथे कचेऱ्या थाटल्या आणि रिळांच्या पेट्या इथून सुटू लागल्या. धुळ्याची पेटी चाळीसगावच्या फाट्याने जाई. शहरात टॉकीज आणि जत्रेत तंबू, असा तो प्रवास. वितरक चित्रपट घेताना नायक-नायिकेचे आणि संगीतकाराचे नाव पाही. चरित्र नटांच्या नावावर सौदा होत नसे. पण नायक बदलत, जोड्या बदलत, आणि आई, सासू, काकू, घरमालकीण म्हणून पडद्यावर येणारा चेहरा तोच राही. वर्षाला अनेक चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाची सर्वांत जास्त भेट होई ती या माणसांशी.

वयाच्या हिशेबात हे काम निष्ठुर होते. ‘दाग’ (१९५२) मध्ये ती दिलीपकुमारची आई झाली, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि तो तिच्याहून साडेसहा वर्षांनी लहान. पुरुष नट त्या वयात नायक म्हणून मिरवत असत. तिला पांढरे केस आणि जाडेभरडे लुगडे मिळाले. तिने ते नाकारले नाही आणि उरकलेही नाही. चालण्यात, आवाजात, पदर सावरण्यात तिने प्रत्येक बाईचे वय वेगळे ठेवले.

१९५५ या एका वर्षातले दोन चित्रपट शेजारी ठेवले तर तिचा आवाका दिसतो. राज कपूरच्या ‘श्री ४२०’ मध्ये ती गंगामाई, फुटपाथवर बसून केळी विकणारी, तोंडाने फटकळ आणि परक्या पोरावर माया करणारी. गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये ती सीतादेवी, मधुबालाची श्रीमंत आत्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा घेणारी आणि पुरुषजातीचा तिटकारा असणारी. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी आला. चित्रपट त्या कायद्याच्या बाजूचा नव्हता आणि सीतादेवीला त्याने चुकीचे ठरवले. तरीही ललिता पवारने तिला हास्यास्पद होऊ दिले नाही. तिच्या बोलण्यात असा ठामपणा आहे की आज पाहताना कित्येक ठिकाणी सीतादेवीचेच पटते.

१९५९ हे वर्ष आणखी महत्त्वाचे. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये तिने सोवळ्याओवळ्यात अडकलेली, अस्पृश्य मुलीला घरात पाहून अंग चोरणारी वृद्धा केली. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त ती मिसेस डिसा झाली. ही मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण भाडेकरू पोरावर ओरडते, आणि त्याला कळू न देता त्याच्या पोटाची काळजी घेते. कडकपणा आणि वात्सल्य इथे आळीपाळीने येत नाहीत, एकाच वाक्यात येतात. या भूमिकेसाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिचे सर्वोत्तम काम कोणते, याचे उत्तर या लेखापुरते तरी हेच आहे. मुखर्जींनाही या बाईची ताकद कळली असावी. ‘मेमदीदी’ (१९६१) मध्ये त्यांनी तिला शीर्षकभूमिका दिली, म्हणजे तरुण जोडीला कडेला ठेवून एका प्रौढ बाईभोवती कथा गुंफली. पुढे ‘आनंद’ (१९७१) मध्ये ती पुन्हा डिसा नावाचीच झाली, इस्पितळातली शिस्तीची मेट्रन.

अशा कामाला वेगळा मान देण्याची पद्धत सगळीकडेच उशिरा आली. अमेरिकेत ऑस्करमध्ये साहाय्यक भूमिकांचे पुरस्कार १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाले, फिल्मफेअरमध्ये १९५५ पासून. हॉलिवुडची थेल्मा रिटर ही मोलकरणी, परिचारिका आणि फटकळ शेजारणी करणारी नटी सहा वेळा ऑस्करच्या नामांकनात आली आणि एकदाही जिंकली नाही. ललिता पवारला १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

साठच्या दशकात ‘जंगली’ (१९६१) आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) या शम्मी कपूरच्या चित्रपटांनी तिच्या कडकपणाला विनोदाची जोड दिली. ‘प्रोफेसर’मध्ये म्हाताऱ्याच्या वेषातल्या नायकाकडे ही करडी पालकबाई हळूहळू ओढली जाते. तो लाजरेपणा तिने इतक्या सचोटीने केला आहे की हसता हसता तिची कीव येते. नंतरच्या वर्षांत साचा घट्ट होत गेला. ‘सौ दिन सास के’ (१९८०) पर्यंत येता येता तिच्या सासूकडून प्रेक्षकांना काय हवे ते निर्मात्यांना पाठ झाले होते. सातशेच्या घरात चित्रपट केले असे सांगितले जाते. त्यांतल्या बऱ्याच भूमिका विसरण्याजोग्या आहेत, आणि तो दोष तिच्यापेक्षा लिहिणाऱ्यांचा अधिक.

यानंतर तिच्या वाट्याला दूरदर्शन आले. शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत होती आणि तिथून चित्रपटात गेली. ललिता पवारचा प्रवास उलटा झाला. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दाखवली गेली. चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला होई. वय सत्तरीचे असताना तिने त्यात मंथरा केली. ही भूमिका तिने बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) मध्येही केली होती, म्हणजे मधे पाव शतक गेले होते.

मंथरेची कथा महाराष्ट्राला कीर्तनातून आणि पोथीतून पूर्वीपासून माहीत. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातली वाल्मीकी रामायणाची पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे. मूळ काव्यात अयोध्याकांडात मंथरा थोडा वेळ येते, कैकेयीचे मन फिरवते आणि कथा पुढे निघून जाते. ललिता पवारने त्या थोड्या जागेत एक पूर्ण बाई बसवली. तिची मंथरा कैकेयीला बालपणापासून सांभाळलेली दासी आहे, तिच्या द्वेषाच्या तळाशी मालकिणीविषयीचा अंध जिव्हाळा आहे. कैकेयीने झिडकारल्यावर दुखावलेला तिचा चेहरा आणि लगेच पुन्हा सुरू होणारे आर्जव, हा क्रम पाहिला की हट्टी राणी का वळली ते समजते. १९८४ पासून जिल्ह्याच्या गावी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे वाढली होती. ज्या बायकांनी कधी टॉकीजची पायरी चढली नव्हती, त्यांनी तिला शेजारच्या घरातल्या संचावर पाहिले. पुढे कान फुंकणाऱ्या बाईला मंथरा म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे हाच चेहरा येऊ लागला.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे तिचे निधन झाले. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा ती हयात असताना जन्मलीही नव्हती अशी मुले मंथरेचा राग राग करू लागली.